इंजिन जड का फिरते? टू-स्ट्रोक इंजिनातील अवरोधाचा तीनशे वर्षांचा शोध

पूर्ण उघडून, साफ करून, नवा पिस्टन आणि नव्या रिंगा घालून पुन्हा बांधलेले टू-स्ट्रोक इंजिन पेट्रोलवर सुरू होण्याआधी हाताने फिरवून पाहिले जाते. फ्लायव्हीलवर हात ठेवून क्रँक हळूच फिरवला की हाताला एक अवरोध जाणवतो. हा अवरोध एकच वाटला, तरी त्याचे उगम अनेक असतात. सिलिंडरात दाबली जाणारी हवा, भिंतीला घट्ट बसलेल्या रिंगा, नवी ऑइल सील, ताणात बसलेले बेअरिंग, थंड तेलाचा चिकटपणा किंवा कुठेतरी घासणारा चुकीचा भाग, यांपैकी काही असायलाच हवेत आणि काही मुळीच नसावेत. यांतला कोणता अवरोध निकोप आणि कोणता रोगाचे लक्षण, हे ओळखणे हाच इंजिनबांधणीतला सर्वांत नाजूक भाग होय.

या ओळखीमागे तीनशे वर्षांचे विज्ञान उभे आहे. भारतात तर हा प्रश्न गॅरेजपुरता राहिला नाही. इंजिन जड का होते, याचे चुकीचे उत्तर लाखो वाहनचालकांनी खरे मानले आणि त्याचा निळसर धूर देशातील शहरांवर अनेक वर्षे पसरत राहिला.

घर्षणाचे नियम आणि उडालेले बूच

घर्षणाचे पहिले छापील नियम फ्रान्सच्या गिओम आमोंताँ यांनी १६९९ साली मांडले. घर्षण भाराच्या प्रमाणात वाढते आणि स्पर्शणाऱ्या पृष्ठभागाच्या दिसत्या क्षेत्रफळावर ते अवलंबून नसते, हा त्यांचा निष्कर्ष होता. अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत शार्ल-ऑगस्तँ कुलोम यांनी विस्तृत प्रयोग करून हे नियम पक्के केले. परंतु हे नियम कोरड्या पृष्ठभागांचे होते. वंगण घातलेल्या यंत्राचे वर्तन त्यांत बसत नव्हते आणि तसे का, हे कोणाला सांगता येत नव्हते.

हे कोडे सोडवणारा धागा १८८३ साली इंग्लंडमध्ये जवळजवळ अपघाताने हाती लागला. तेथील यंत्र अभियंत्यांच्या संस्थेसाठी बोशाँ टॉवर हे रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. बेअरिंगच्या माथ्यावर तेल सोडण्यासाठी त्यांनी एक छिद्र पाडले होते. यंत्र फिरू लागताच त्या छिद्रातून तेल आत जाण्याऐवजी वर उसळू लागले. छिद्रात बूच ठोकले, तर तेही बाहेर फेकले गेले. शेवटी तेथे दाबमापक बसवला, तेव्हा बेअरिंगवरील सरासरी दाबाच्या दुपटीहून अधिक दाब त्यावर दिसला. फिरणारा आस स्वतःच तेल खेचून पाचरीसारखे आत घालत होता आणि त्या तेलाच्या पटलावर जणू तरंगत होता. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ साली या पटलाचे गणित मांडले.

पुढे १९०२ साली जर्मनीत रिचर्ड श्ट्रीबेक यांनी वेग, भार आणि घर्षण यांचा संबंध आलेखाने दाखवला. वेग अगदी कमी असताना तेलाचे पटल तयार होत नाही, धातू धातूला टेकतो आणि घर्षण जास्त असते. वेग वाढला की पटल तयार होऊ लागते आणि घर्षण झपाट्याने उतरते. वेग आणखी वाढला की तेलाच्या अंतर्गत चिकटपणामुळे ते पुन्हा हळूहळू चढते. हा आलेख हाताने इंजिन फिरवणाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखा आहे. हाताचा वेग नेहमी आलेखाच्या डाव्या टोकाला असतो. म्हणजे हाताला जाणवणारे घर्षण हे चालत्या इंजिनाचे घर्षण नव्हे. ते पटल तयार होण्यापूर्वीचे, धातूला धातू टेकण्याच्या अवस्थेतले घर्षण असते.

इंजिनातला अवरोध मोजायचा कसा?

इंजिनाच्या आत निर्माण होणारी शक्ती आणि बाहेर मिळणारी शक्ती यांत नेहमी तफावत असते. आतील शक्ती मोजण्याचे साधन जेम्स वॉट आणि त्यांचे सहकारी जॉन सदर्न यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस घडवले. सिलिंडरातील दाब आणि पिस्टनची जागा यांचा आलेख काढणारा तो दर्शक होता. बाहेरची शक्ती मोजण्यासाठी १८२१ साली फ्रान्सच्या गास्पार द प्रोनी यांनी फिरत्या चाकाला लाकडी ठोकळ्यांनी आवळणारा ब्रेक वापरला. पहिल्या मापातून दुसरे वजा केले की उरते ती इंजिनाने स्वतःलाच फिरवण्यात घालवलेली शक्ती.

भारतातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकलेल्या बहुतेकांना मोर्स चाचणी आठवत असेल. अनेक सिलिंडरांच्या इंजिनात एकेका सिलिंडरचे प्रज्वलन तोडून बाकीच्यांची शक्ती मोजायची आणि त्या फरकांवरून घर्षणाचा अंदाज बांधायचा, अशी ती पद्धत. एका सिलिंडरच्या इंजिनावर मात्र ती चालत नाही, कारण तोडायला दुसरे सिलिंडरच नसते. तेथे विद्युत मोटर लावून बंद इंजिन बाहेरून फिरवतात आणि त्यासाठी किती शक्ती लागते ते मोजतात.

पण या एका आकड्यात सर्व अवरोधांची बेरीज असते. ती फोडण्यासाठी संशोधकांनी एक सरळ युक्ती वापरली. आधी पूर्ण इंजिन फिरवून मोजायचे, मग हेड काढून, मग पिस्टन काढून आणि शेवटी नुसता क्रँक फिरवून मोजायचे. दर टप्प्यावर आकडा जितका उतरेल, तितका वाटा काढलेल्या भागाचा. गॅरेजमधला जाणता कारागीर जड इंजिनाची तपासणी याच क्रमाने करतो. फरक इतकाच, की त्याच्याकडे मोटर आणि मापक यांऐवजी मनगट असते. तर्कशास्त्र एकच आहे: एका वेळी एकच गोष्ट काढा आणि काय बदलले ते पाहा.

झडपांवाचूनचे इंजिन

ही तपासणी टू-स्ट्रोक इंजिनात वेगळी का होते, हे समजण्यासाठी त्याच्या जन्माकडे पाहावे लागते. चार धावांचे इंजिन शोषण, दाब, ज्वलन आणि उत्सर्जन यांसाठी क्रँकचे दोन फेरे घेते. तेच काम एका फेऱ्यात उरकण्याची कल्पना अनेकांच्या डोक्यात होती. कार्ल बेंझ यांचे टू-स्ट्रोक इंजिन १८७९ सालच्या अखेरच्या रात्री पहिल्यांदा नीट चालले. स्कॉटलंडचे ड्यूगल्ड क्लार्क यांनी १८८१ साली आपल्या टू-स्ट्रोक इंजिनाचे पेटंट घेतले. त्यात ताजे मिश्रण आत ढकलण्यासाठी वेगळा पंपवजा सिलिंडर होता.

इंग्लंडमधील बाथ या गावचे जोसेफ डे यांनी १८९१ च्या सुमारास तो जादा सिलिंडर काढून टाकला. पिस्टनच्या खालची क्रँकची बंद पेटी हाच पंप बनवला. पिस्टन वर जाताना पेटीत मिश्रण ओढले जाते, खाली येताना ते दाबले जाते आणि भिंतीतल्या खिडक्यांमधून वर सिलिंडरात शिरते. डे यांच्या कारखान्यातील फ्रेडरिक कॉक यांनी लगेच सुधारणा करून आत घेण्याच्या खिडकीचे उघडणे-मिटणेही पिस्टनच्या कडेवर सोपवले. आता इंजिनात झडपा, कॅम किंवा स्प्रिंग यांपैकी काहीच उरले नाही. हलणारे मुख्य भाग तीनच: पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक.

या साधेपणाची किंमत वंगणात मोजावी लागली. क्रँकची पेटी मिश्रणाच्या वाटेवर आल्यामुळे तिच्या तळाशी तेलाचे कुंड ठेवता येईना. म्हणून पेट्रोलमध्येच तेल मिसळण्याची रीत पडली. ते तेल बेअरिंगांना आणि भिंतीला चाटून जाते, शेवटी जळते किंवा अर्धवट जळून बाहेर पडते. पंपाने दाबून आलेल्या तेलावर तरंगणारी साधी बेअरिंगे येथे टिकत नाहीत, म्हणून गोळ्यांची आणि सुईसारख्या रोलरांची बेअरिंगे वापरावी लागतात. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकातले रोलर बेअरिंग अखंड क्रँकवर चढवता येत नाही, म्हणून क्रँक अनेक तुकडे दाबून जोडलेला असतो. आणि रिंगेचे टोक खिडकीत अडकू नये म्हणून पिस्टनच्या खाचेत बारीक खुंटी ठोकून रिंग एका जागी धरलेली असते. टू-स्ट्रोक इंजिन जड होण्याची बहुतेक कारणे या तडजोडींमध्येच दडलेली आहेत.

एका वाळवंटी इंजिनाचे उदाहरण

अमेरिकेत १९८० च्या दशकात वाळू, डोंगर आणि माळ यांवर धावणाऱ्या एटीव्ही गाड्यांची लाट आली. होंडाची तीनचाकी एटीसी २५० आर १९८१ साली टू-स्ट्रोक इंजिन घेऊन आली. तीनचाकी गाड्यांचे अपघात इतके वाढले, की १९८८ साली तेथील ग्राहकसुरक्षा आयोगाशी झालेल्या न्यायालयीन समझोत्यानुसार उत्पादकांनी त्यांची नवी विक्री थांबवली. चारचाकी मात्र राहिल्या. त्यांतली १९८७ साली आलेली यामाहाची बॅन्शी तेथे जवळजवळ दोन दशके विकली गेली.

भारतीय वाचकाला या गाडीचे इंजिन परके वाटू नये. ६४ मिलिमीटर व्यास, ५४ मिलिमीटर धाव, दोन सिलिंडर आणि ३४७ घनसेंटिमीटर ही मापे यामाहाच्या आरडी ३५० या घराण्याची आहेत. त्याच घराण्यातले आधीचे, हवेने थंड होणारे इंजिन १९८३ पासून एस्कॉर्ट्स कंपनी ‘राजदूत ३५०’ या नावाने भारतात बनवत होती. बॅन्शीचे इंजिन पाण्याने थंड होणारे असले, तरी पिंड तोच.

असे इंजिन पुन्हा बांधल्यावर जड लागले, तर तपासणीचा क्रम असा असतो. पहिल्यांदा गिअर न्यूट्रलमध्ये आहे याची खात्री करायची आणि दोन्ही स्पार्क प्लग काढायचे. या इंजिनाचे दोन पिस्टन परस्परविरुद्ध चालतात, त्यामुळे दर अर्ध्या फेऱ्याला एका सिलिंडरात हवा दाबली जाते. प्लग काढताच तो चढउतार नाहीसा झाला, तर तो दाबाचाच अवरोध होता आणि तो असायलाच हवा. प्लग काढूनही पेटीतल्या हवेचा एक हलका सुस्कारा ऐकू येतो. तोही निरोगी आहे, कारण डे यांनी पेटीलाच पंप केले होते.

प्लग काढूनही इंजिन जड असेल, तर अवरोध फेऱ्यात कुठे जाणवतो हे पाहायचे. पूर्ण फेऱ्यात सारखाच असेल, तर संशय बेअरिंग, ऑइल सील, क्लच किंवा गिअरपेटीकडे जातो. नवी सील थोडी आवळून धरतातच आणि नव्याने घासलेल्या भिंतीवर नव्या रिंगाही किंचित पकड घेतात. हा अवरोध मऊ आणि एकसारखा असतो. फेऱ्यातल्या एकाच ठिकाणी तो कठीण होत असेल, तर काहीतरी भौमितिक चूक आहे: पिस्टनचा माथा हेडला टेकतो आहे, सिलिंडर वाकडे आवळले गेले आहे, क्रँक सरळ नाही किंवा फ्लायव्हीलचा चुंबक आतल्या कॉइलला घासतो आहे. इंजिन एका जागी ठप्प थांबत असेल, तर जोर लावणे सर्वांत घातक. रिंग खुंटीवर चढून बसली असेल किंवा पेटीत पेट्रोल साचले असेल, तर त्या जोराने पिस्टन किंवा रॉड जायबंदी होतो. हवा दबते, द्रव दबत नाही.

पुढे हेड आणि सिलिंडर काढून नुसता क्रँक फिरवायचा. येथे जडपणा गेला, तर दोष वरच्या भागात. रिंग रिकाम्या सिलिंडरात सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने मोजायची. दर २५ मिलिमीटर व्यासाला सुमारे ०.१ मिलिमीटर हा जुना ठोकताळा आहे; ६४ मिलिमीटरच्या सिलिंडरला तो पाव मिलिमीटर फट सांगतो. त्यामागे उष्णतेचा हिशेब आहे. या रिंगेचा परिघ सुमारे २०१ मिलिमीटर. रिंग भिंतीपेक्षा १०० अंश सेल्सिअसने जास्त तापली, तर बिडाच्या प्रसरणाच्या हिशेबाने ती साधारण ०.२२ मिलिमीटरने लांबते. फट त्याहून कमी असेल, तर टोके एकमेकांना भिडतात आणि रिंग भिंतीत रुतते. थंड इंजिन हाताला मोकळे लागते आणि दहा मिनिटांनी रस्त्यावर धरते, याचे हे एक कारण.

नुसता क्रँकही जड फिरत असेल, तर दोष पेटीत आहे. दोन अर्धी पेट्या बोल्टांनी ओढून जोडताना क्रँक एका बाजूला खेचला जातो आणि बेअरिंगच्या गोळ्यांवर आडवा ताण बसतो. अशा वेळी क्रँकच्या टोकावर मऊ हातोडीचा एक हलका ठोका दिला, की क्रँक मध्यावर सरकतो आणि जडपणा क्षणात जातो. ठोक्यानेही तो गेला नाही, तर बेअरिंग खाचेत तिरके बसले असेल किंवा चुकीचे निवडले असेल. तापणाऱ्या अशा इंजिनांत गोळ्यांना थोडी अधिक मोकळीक देणारी, बाजारात सी-३ म्हणून ओळखली जाणारी बेअरिंगे सहसा लागतात. साधे बेअरिंग ठोकले, तर ती मोकळीक बसवतानाच संपते. शेवटची शक्यता क्रँकच्या सरळपणाची. दाबून जोडलेल्या तुकड्यांचा मध्य दोन-चार शतांश मिलिमीटरहून अधिक सरकला, तर डायल गेजची सुई ते दाखवते आणि क्रँक पुन्हा सरळ करावा लागतो.

भारतातील टू-स्ट्रोक युग

स्वतंत्र भारताला दुचाकीवर बसवले ते प्रामुख्याने याच इंजिनाने. मुंबईत लॅम्ब्रेटा स्कूटरांची जुळणी झाली. पुण्याजवळच्या आकुर्डीत बजाजने इटलीच्या पियाजिओकडून परवाना घेऊन व्हेस्पा बनवल्या आणि परवान्याची मुदत संपल्यावर १९७२ पासून ‘चेतक’ आणली. त्याच वर्षी पुण्याच्या कायनेटिकची ‘लूना’ आली. फरिदाबादची ‘राजदूत’ पोलंडच्या एका मोटारसायकलीवर बेतलेली होती आणि म्हैसूरची ‘जावा’ चेकोस्लोव्हाकियाच्या वंशातली. होसूरहून १९८० मध्ये टीव्हीएस ५० आली. १९८५ मध्ये आलेल्या यामाहा आरएक्स १०० चे ५० मिलिमीटर व्यासाचे आणि तेवढ्याच धावेचे इंजिन आजही तरुणांच्या बोलण्यात आहे. रिक्षांची इंजिनेही बहुतांशी टू-स्ट्रोकच होती.

या इंजिनांनी देशभर कारागिरांची एक पिढी घडवली. थोडी हत्यारे आणि लेथवाल्याची ओळख एवढ्या भांडवलावर गावोगावी इंजिने उघडली आणि बांधली जात. सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालणे, सायलेन्सर जाळून त्यातला कार्बन काढणे, किकचा दम पाहून रिंगांचे आयुष्य सांगणे, ही विद्या पुस्तकातून आली नव्हती. मोकळे फिरणे म्हणजे आरोग्य नव्हे, हेही त्या कारागिरांना ठाऊक होते. ज्या इंजिनाची किक पाण्यात पाय घातल्यासारखी सहज जाते, त्याच्या रिंगा बहुधा संपलेल्या असतात.

भीती, तेल आणि धूर

टू-स्ट्रोक वाहनाच्या मालकाला सर्वांत मोठी भीती इंजिन धरण्याची असे. ही भीती निराधार नव्हती. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आणि सिलिंडर बिडाचे असेल, तर तापल्यावर पिस्टन जवळजवळ दुपटीने फुगतो. ५० मिलिमीटर व्यासाचे दोन्ही भाग १०० अंशांनी तापले, तर पिस्टन सुमारे ०.१० मिलिमीटरने वाढतो आणि सिलिंडर ०.०५५ मिलिमीटरने. म्हणजे थंडपणी ठेवलेल्या फटीतले चार-पाच शतांश मिलिमीटर नाहीसे होतात. पिस्टनचा माथा तर याहून कितीतरी जास्त तापतो, म्हणूनच पिस्टन वरच्या बाजूला किंचित निमुळता घडवलेला असतो. नव्याने बांधलेले इंजिन पहिले काही शे किलोमीटर हलक्या हाताने चालवायचे, या रनिंग-इनच्या नियमामागेही हेच गणित आहे.

भीतीवरचा लोकांचा उपाय मात्र चुकला. इंजिन जड वाटले, गरम झाले किंवा ओढेनासे झाले, की तेल वाढवायचे. दोन टक्के मिश्रण म्हणजे लिटरमागे २० मिलिलिटर तेल. २००० साली जागतिक बँकेने प्रसिद्ध केलेल्या दक्षिण आशियातील टू-स्ट्रोक वाहनांविषयीच्या अहवालात दुचाकींना २ टक्के आणि तीनचाकींना ३ टक्के ही शिफारस नमूद आहे. प्रत्यक्षात अनेक चालक त्याहून बरेच अधिक तेल घालत आणि तेही पुष्कळदा टू-स्ट्रोकसाठी बनवलेले नसून सुटे, स्वस्त इंजिन ऑइल असे.

परिणाम उलटा होई. कार्ब्युरेटरच्या जेटमधून ठरावीकच द्रव जातो. त्यात तेल वाढले की पेट्रोल घटते, मिश्रण थोडे विरळ होते आणि ज्वलन अधिक तापते. न जळलेल्या तेलाचा कार्बन रिंगांच्या खाचांत, उत्सर्जनाच्या खिडकीत आणि सायलेन्सरमध्ये साचतो. रिंगा खाचेत चिकटतात, दाब गळतो, जळके वायू पिस्टनच्या बाजूने खाली उतरतात आणि भिंतीवरचे तेल जाळतात. इंजिन आणखी जड होते. चालक आणखी तेल घालतो. वंगणाच्या अभावाने येणारा अवरोध आणि वंगणाच्या अतिरेकाने येणारा अवरोध बाहेरून सारखेच दिसतात. निदान न करता दिलेले औषध येथे रोगच वाढवत होते.

या इंजिनाचा दुसरा दोष त्याच्या रचनेतलाच होता. ताजे मिश्रण आत येताना आणि जळके वायू बाहेर जाताना दोन्ही खिडक्या काही काळ एकदमच उघड्या असतात. त्यामुळे कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक इंजिनात साधारण १५ ते ४० टक्के ताजे मिश्रण न जळताच बाहेर निसटते. जर्मनीच्या अडॉल्फ श्न्यूर्ले यांनी १९२० च्या दशकात मिश्रणाचा झोत वळवून ही गळती बरीच कमी केली, पण ती थांबवता आली नाही. निसटलेले पेट्रोल आणि अर्धवट जळलेले तेल मिळून तो निळा धूर होत असे.

सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी दिल्लीच्या हवेसंबंधी एम. सी. मेहता प्रकरणात जो आदेश दिला, त्यात सीएनजी बसगाड्यांची चर्चा सर्वाधिक झाली. त्याच आदेशात एक साधे कलम होते: ३१ डिसेंबर १९९८ पर्यंत सुट्या टू-टी तेलाची विक्री बंद करावी आणि टू-स्ट्रोक वाहनांना पंपावरच योग्य प्रमाणात तेल मिसळलेले पेट्रोल द्यावे. मिश्रणाचे प्रमाण चालकाच्या भीतीवर न सोडता यंत्रावर सोपवण्याचा तो निर्णय होता. २००० साली दुचाकींसाठी कार्बन मोनॉक्साइड किलोमीटरमागे २ ग्रॅम आणि हायड्रोकार्बन व नायट्रोजन ऑक्साइड मिळून २ ग्रॅम अशी मर्यादा लागू झाली. २००५ मध्ये दोन्ही आकडे दीड ग्रॅमवर आले. कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोकला ही शर्यत झेपेना. चार धावांच्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या मोटारसायकलींनी बाजार आधीच काबीज करायला सुरुवात केली होती. खिडकी बंद झाल्यावर थेट सिलिंडरात इंधन फवारण्याचा मार्गही आजमावला गेला. बजाजने ऑस्ट्रेलियाच्या ऑर्बिटल कंपनीच्या तंत्रावर अशी रिक्षा २००७ मध्ये आणली. परंतु तोवर रिक्षांचा ओघ चार धावांच्या इंजिनांकडे आणि सीएनजीकडे वळला होता.

जुन्या गाड्या आणि जुनी रीत

आज आरएक्स १०० किंवा राजदूत ३५० हौसेने पुन्हा बांधणारे तरुण देशभर आहेत. त्यांच्यापुढे तोच जुना प्रश्न येतो. यंत्र जड आहे; का? इंटरनेटवर उत्तरे ढिगाने मिळतात आणि त्यांतली बहुतेक थेट उपाय सांगतात: तेल वाढवा, रिंगा घासा, फिरवत राहा, आपोआप मोकळे होईल. टॉवर यांच्या बेअरिंगमधून बूच उडाले, तेव्हा ते पुन्हा ठोकत बसणे सोपे होते. त्यांनी त्या जागी दाबमापक लावला आणि वंगणाचे आधुनिक शास्त्र तेथून सुरू झाले. गॅरेजमध्ये तेवढेच अपेक्षित आहे. प्लग काढून पाहायचे, सिलिंडर उतरवून पाहायचे, फट मोजायची, क्रँक एकटा फिरवायचा आणि प्रत्येक पायरीवर हाताला काय वेगळे जाणवले ते लिहून ठेवायचे. तेलाची बाटली त्यानंतर उघडायची आणि तीही मोजून, लिटरमागे ठरलेल्या मिलिलिटरांनी.